पालथा तांब्या

आमच्या घरात कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नसे. मायचं माहेर साक्रीकडचं. माहेरी गेली की ती तिथल्या आठवडे बाजारात मांडे भाजायचं खापर घ्यायला कुंभारापुढे बसायची आणि एकेक खापर कानाजवळ धरून मधल्या बोटाच्या पेरानं त्याला टिचकी मारायची. दहा-बारा खापरं बाजूला सारली की कुंभार वैतागायचा आणि विचारायचा, बाई, खापर घ्यायचंय की तबला. माय लक्ष द्यायची नाही. टिचकीचा आवाज लांबवर जायला हवा. मध्येच बसला तर खापराला कुठंतरी केसाएवढा तडा आहे असं समजायचं. तिनं निवडलेलं खापर चुलीवर कधी उललं नाही. मडकी, नारळ, टरबुजं, पितळेची पातेली, सगळ्यांची तिच्याकडे अशीच परीक्षा व्हायची. हा कान तिनं मला दिला. त्याबद्दल तिचं नाव मात्र कुणी कधी घेतलं नाही, कारण खापर वाजवणं हे बायकांचं काम होतं आणि हेड वाजवणं ही पुरुषांची विद्या होती.

हेडाची विद्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. धुळ्यात हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत आमचं घर. पुढे पत्र्याचा कारखाना, मध्ये कडुलिंबाचं अंगण, मागे आम्ही. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं. विहिरीवरचं डिझेल इंजिन असो की ट्रॅक्टर, फार तापलं की पहिली इजा डोक्याला होते, आणि पाणी संपलेलं असताना मालकानं इंजिन तसंच दामटलं तर तडाही तिथंच जातो. अशी तडकलेली हेडं लोक पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावरून आमच्याकडे आणायचे. आबा तडा बुजवायचे, झडपांच्या बैठका बदलायचे, लेथवर तोंड सपाट करायचे. झडप बैठकीवर घासायला लागले की घर्र घर्र असा आवाज दिवसभर चालायचा. त्या आवाजावर मी अभ्यास केला, उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी थापायला शिकले आणि कढीतले डाळीचे फुणके खाल्ले. आजही घरात फार शांतता झाली की मला भूक लागत नाही.

आबांबद्दल मी भक्तिभावानं लिहीन अशी कुणाची समजूत असेल तर ती आत्ताच काढून टाकते. जुनं तेवढं सोनं, हा त्यांचा आजार होता. जामनेरच्या एका पाटलांचं हेड आमच्याकडे इतक्या वेळा येऊन गेलं की त्यात मूळ कारखान्याचं फक्त वजन उरलं होतं. तरी पाटील ते ओरिजनल म्हणूनच सांगायचे आणि आबा गंभीरपणे मान डोलवायचे. नवं हेड कुणी विकत आणलं असं कळलं, तर आबा त्या घरात सुतक पडल्यासारखी चौकशी करायचे. पण एक गोष्ट खरी. हेडाबद्दल ते खोटं बोलत नसत. कामातून गेलेलं असलं तर तोंडावर सांगायचे, भंगारात द्या. लग्न जुळवताना माणसानं खुशाल खोटं बोलावं, त्यात सगळ्यांचंच भलं असतं, पण हेड तपासताना बोलू नये, असं त्यांचं मत होतं. लग्नाबद्दलचा पहिला भाग मायला आवडत नसे. तिच्या लग्नात नवरदेवाचं वय किती सांगितलं होतं, हा विषय आमच्याकडे काढायचा नाही असं ठरलेलं होतं.

तपासायची रीत अशी होती. आबा आधी डाव्या अंगठ्याचं मुद्दाम वाढवलेलं काळं नख हेडाच्या तोंडावरून सावकाश फिरवायचे. वरचा तडा नखाला लागतो. आतला लागत नाही, त्यासाठी कान हवा. मग हेड दोरीनं कडुलिंबाच्या फांदीला टांगायचं आणि लहान हातोडीनं त्याला एकदाच ठोकायचं. निरोगी हेड देवळातल्या घंटेसारखं वाजतं. तडकलेलं भद्द असा आवाज करून गप्प बसतं. ठोकून झालं की आबा डोळे मिटायचे, मग उघडून घराकडे बघायचे आणि निकाल द्यायचे. आबांच्या कानाची ख्याती पार दोंडाईच्यापर्यंत होती. ते निकालाआधी घराकडे बघतात ते कुलदैवताचं स्मरण करायला, असंही लोकांनी ठरवून टाकलं होतं. काही भाविक शेतकरी आबांबरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला हात जोडायचे.

त्या खिडकीत मी उभी असायची. आबांना ऐकू येत नव्हतं. तरुणपणी सरकी काढायच्या जिनात काम केलं, पुढे इंजिनांच्या भकभकीत आयुष्य गेलं, आणि मी सातवीत होते तेव्हा त्यांचा डावा कान पूर्ण गेलेला आणि उजवा थोडासा उरलेला होता. घंटा कुठली आणि भद्द कुठलं, हे त्यांना कळेनासं झालं होतं. मग आमच्यात एक खूण ठरली. हेड चांगलं असलं की खिडकीत तांब्या सुलटा. तडा असला की पालथा. कुलदैवत म्हणून हात जोडून घेणारा तो पितळेचा तांब्या होता. पाच-सहा वर्षांत माझा एकही निकाल चुकला नाही, आणि ख्याती आबांची वाढत गेली. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. खरं सांगायचं तर चोरून काही करण्यातली मजा मला तेवढी एकच ठाऊक होती.

आता कारखाना माझा भाचा बघतो. तो हेडं दुरुस्त करत नाही, मागवतो. फोनवर चित्र बघायचं, चांदण्या किती मिळाल्या ते बघायचं, बोट दाबायचं, की दोन दिवसांत खोक्यात खोकं आणि त्यात हेड येतं. मी ते वाजवून बघितलं की तो हसतो. आत्या, याला गॅरंटी आहे, असं म्हणतो. काही हेडं खरंच सुरेख असतात, उगाच कशाला नावं ठेवू. पण गॅरंटी हा शब्द मी पहिल्यांदा ज्या तोंडून ऐकला ते तोंड माझ्या डोळ्यांसमोर येतं, आणि आता तेच सांगायचं आहे.

मी बारावी झाले आणि दोंडाईच्याची अक्का, म्हणजे आबांची थोरली बहीण, जळगावचं स्थळ घेऊन आली. मुलाच्या वडिलांना सगळे नाना म्हणायचे. जळगावात त्यांचं सुट्या भागांचं मोठं दुकान होतं आणि दुकानावर राहतं घर. त्यांच्याकडे नवीकोरी हेडं मिळत. मूळ कंपनीची नव्हेत, त्याच मापानं दुसऱ्यांनी ओतलेली, चंदेरी रंग दिलेली, रंगीत खोक्यात बसवलेली. आबा अशा हेडांना मुखवटे म्हणायचे. अक्कानं त्यांना बजावलं की हा शब्द लग्न होईपर्यंत गिळून टाक.

मला ते स्थळ हवं होतं. हे मी मायशिवाय कुणाला बोलले नव्हते. फोटोतला मुलगा, प्रकाश, मान थोडी वाकडी करून उभा होता, कुणीतरी हळू बोलतंय आणि हा ऐकतोय असा. शिवाय जळगाव. दुकानावरच्या घरात फ्रीज होता, घासलेटाचा वास नव्हता, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिथं खोक्यातून काढून खोक्यातच विकायचं होतं. कुणाच्या खिडकीत उभं राहायला नको. आपण गेल्यावर आबांचं काय होणार, हा विचार माझ्या मनात यायचा. मी त्याला फ्रीजच्या मागे ढकलायची.

बघण्याच्या दिवशी अक्कानं सूचनांचा पाऊस पाडला. मान खाली ठेवायची. विचारलं तेवढंच बोलायचं, आणि तेही पुस्तकातल्यासारखं. शे, व्हतं, कसाले, असा अहिराणीतला एक शब्दही तोंडातून निघाला तर तिची माझी ओळख नाही. आबांच्या बहिरेपणाचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही, कारण लोक म्हणतील मुलगीही उद्या बहिरी होईल. त्यासाठी नानांची खुर्ची आबांच्या उजव्या हाताला ठेवली आणि आबांना सांगितलं की काही कळलं नाही तर हसून पोह्यांचा आग्रह करायचा. मुलीच्या घरी असाही आग्रहच अपेक्षित असतो, त्यामुळे ही युक्ती निर्धोक होती. घर लहान म्हणून खुर्च्या अंगणात कडुलिंबाखाली मांडल्या. मी पोह्यांचं ताट फिरवलं आणि सगळ्यांच्या समोर, घराकडे पाठ करून, खाली नजर लावून बसले.

नाना गोरेपान, पांढऱ्या सफारीतले, प्रकाश त्यांच्या मागच्या खुर्चीत. त्यांनी माझं नाव विचारलं, मी शकुंतला म्हणाले. स्वयंपाकाचं विचारलं, अक्कानंच उत्तर दिलं. एवढ्यातच मुलगी बघून झाली. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि त्यानं गाडीतून एक रंगीत खोकं आणून आबांपुढे ठेवलं. नाना म्हणाले की जुन्याला ठिगळं लावायचा जमाना गेला, आता नवं घ्या आणि बसवा, हातात गॅरंटीचा कागद. पण खेड्यातली माणसं अडून बसतात. धुळ्याच्या आबांनी वाजवून पास केलं का, असं विचारतात. तेव्हा आता सोयरीक होतेच आहे, तर आबांनी आपल्या हातानं एकदा आमचं हेड वाजवावं आणि सगळ्यांसमोर सांगावं. तेवढा एक शब्द मिळाला की बोलणी आजच पक्की. हे ते आबांच्या उजव्या कानाजवळ वाकून बोलले म्हणून आबांना ऐकू गेलं. मीही ऐकलं. माझं लग्न त्या खोक्यावर येऊन बसलं आहे हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते.

खोकं उघडलं. हेड खरोखर देखणं होतं, नवरदेवासारखं चकचकीत. आबांनी अंगठ्याचं नख त्याच्या तोंडावरून फिरवलं, नेहमीसारखं, सावकाश. मग फांदीला दोरी बांधली, हेड टांगलं आणि हातोडी मारली.

भद्द.

मी मान न उचलता डोळ्याच्या कोपऱ्यातून आबांकडे बघितलं. आबांनी डोळे मिटले, उघडले आणि सवयीनं खिडकीकडे बघितलं. खिडकी रिकामी होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं असावं असं मला वाटलं. मी नजर उचलली आणि अक्काला दिसणार नाही इतपत मान हलवली, नाही म्हणून. आबांची नजर माझ्यावरून पुढे नानांकडे गेली.

"खणखणीत शे," आबा म्हणाले.

नानांनी मांडीवर थाप मारली. अक्कानं पेढ्यांचा डबा उघडायला घेतला. माझ्या मनात काय चाललं होतं ते मी आज सरळ सांगते. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, झालं लग्न. लगेच वाटलं, आबांना माझी खूण दिसली नाही. आता हे हेड आबांचं नाव लावून खेडोपाडी जाणार, कुणाच्या तरी विहिरीवर उकळतं पाणी उडवणार, आणि माणसं म्हणणार की आबांचा कान गेला. तीन तालुक्यांतलं नाव, त्यांच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती माझ्याकडे ठेवायला दिलेली होती.

"आबा, तडा शे त्याले," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले, त्यांना ऐकू जावं म्हणून. पुस्तकी भाषा आठवलीच नाही. अक्कानं मला चिमटा काढला, त्याचा वळ आठवडाभर होता. नाना हसले आणि म्हणाले, पोरी, तुला गं काय कळतं यातलं. तेवढ्यात माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाहुण्यांसमोर ती आतापर्यंत आली नव्हती. तिच्या एका हातात स्टोव्हची घासलेटाची बाटली होती, दुसऱ्या हातात माझ्या भावाच्या दप्तरातला खडू. तिनं हेड खाली उतरवून घेतलं, तोंडावर घासलेट चोपडलं, थोडं मुरू दिलं, फडक्यानं पुसून कोरडं केलं आणि वर खडू घासून ते पांढरंफेक करून ठेवलं. तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट खडूवर रेघ काढतं, नसेल तर खडू पांढरा राहतो. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही. सगळे खुर्च्या पुढे ओढून त्या पांढऱ्या तोंडाकडे बघत बसले. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी माझ्याकडे त्याच्या चौथाईनंही बघितलं नव्हतं.

वेळ जात होता. पोहे गार झाले. नाना घड्याळ बघू लागले, अक्का मनातल्या मनात देव आळवू लागली. रेघ नाही आली तर मी तोंडाळ मुलगी आणि आबा मुलीला आवर घालता न येणारे. रेघ आली तर लग्न गेलं. मी काय मागत होते ते मला आजही नक्की सांगता येत नाही. सगळ्यात आधी वाकून बघितलं ते प्रकाशनं.

"नाना, आली," तो म्हणाला.

दोन झडपांच्या मधून एक ओलसर, काळपट रेघ निघाली होती. केसाएवढी. प्रकाशचे ते दोनच शब्द मी ऐकले, पण त्यात खोट नव्हती, आणि पुढे बरेच दिवस मी ते मनात वाजवून बघत असे. नानांनी चष्मा लावला, काढला आणि ही रेघ नसून घाम आहे, आजचं ऊनच तसं आहे, असा निर्वाळा दिला. लोखंडाला घाम फुटल्याचं आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं. मग ते आबांकडे वळले. आता ते उठून डाव्या बाजूला उभे होते, हे अक्काच्या लक्षात यायला उशीर झाला. नानांनी विचारलं, आबा, मुलीला कळलं ते तुम्हाला कसं ऐकू आलं नाही. आबांनी हसून पोह्यांची बशी पुढे केली. नानांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

"घ्या ना, अजून घ्या," आबा म्हणाले. "लाजू नका."

पाच-सहा वर्षांची ख्याती एका बशीत संपली. कुणी हसलं नाही, तेच जास्त वाईट वाटलं. मंडळी उठली. खोकं गाडीत गेलं, हेडासकट. पुढे ते कुठल्या विहिरीवर बसलं देव जाणे. दोन दिवसांनी अक्कामार्फत निरोप आला: मुलगी चांगली आहे, आम्हाला ऐकणारी सून हवी होती, पण इतकं ऐकणारी नको.

त्या दुपारी गाडी गल्लीच्या बाहेर गेल्यावर मी न्हाणीच्या मागे बसून रडले. फ्रीजसाठी रडले, वाकड्या मानेच्या फोटोसाठी रडले, आणि आबांचं बिंग आपण फोडलं म्हणून सगळ्यात जास्त रडले. आबा आले आणि माझ्याशेजारी दगडावर बसले. मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकले. मला वाटलं, आता रागावतील. ते अंगठ्याच्या नखातला खडू काडीनं काढत होते.

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले की माझं चुकलं, तुम्हाला माझी खूण दिसली नाही म्हणून मी बोलले.

"तू मान हालाडी ते मी देखं व्हतं," आबा म्हणाले. "त्याना आगोदर नखले बी लागनं व्हतं."

मी विचारलं, "मंग खणखणीत कसाले सांगं?"

आबा काडीनं नख कोरत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही, मी पुन्हा विचारणार होते.

"तुले जळगाव जानं व्हतं ना," ते म्हणाले.

एवढं बोलून ते उठले आणि कारखान्यात गेले. थोड्या वेळानं घर्र घर्र सुरू झालं. दुसऱ्या दिवशी साक्रीकडचा एक शेतकरी हेड घेऊन आला. त्याच्या कानावर अजून काही गेलेलं नव्हतं, तो सवयीनं खिडकीकडे वळून हात जोडू लागला. आबांनी त्याला थांबवलं आणि मला अंगणात बोलावून हातोडी माझ्या हातात दिली. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. मला धुळ्यातच दिली, दोन गल्ल्या पलीकडे. ज्या घरी दिली तिथल्यांना मी काय ऐकते आणि काय नाही याची फारशी फिकीर नव्हती. माझा संसार बरा झाला. तांब्या मायनं पुन्हा पाणी प्यायला काढला.

त्यानंतर इतकी हेडं वाजवली, नवी, जुनी, ठिगळं लावलेली, खोक्यातली, की त्यांचा हिशेब नाही, आणि आबांच्या माघारीही लोक त्यांच्याच कानाची गोष्ट सांगतात. ती गोष्ट मी दुरुस्त करायला जात नाही. फक्त एक गोष्ट मला आजही बोचते. आबांनी उभ्या जन्मात हेडाबद्दल एकदाच खोटं सांगितलं, आणि तेवढंही मी त्यांना धड सांगू दिलं नाही.